शिकलेले कामी कुठे येते? पनवेल तालुक्याचा आढावा

पनवेलमध्ये शिकायची सोय नाही, असे आज कुणी म्हणणार नाही. जुन्या गावात विठोबा खंडाप्पा आणि याकूब बेग ही हायस्कुले आहेत, रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, पिल्लईंचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खारघरला निफ्टपासून टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रापर्यंत देशभर नाव असलेल्या संस्था आहेत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकीला लागून एक क्लासच्या पाट्या आहेत. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या पुढे होती.

बक्षीस समारंभाला आलेला प्रत्येक पाहुणा मुलांना सांगतो की शिक्षण आयुष्यभर वाट दाखवते. खरेच दाखवते का? कोणते शिक्षण, कुणाला, कोणत्या वळणावर उपयोगी पडले आणि कुठे ते हात सोडून गेले? हे तपासायला पनवेलइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. बाप जगला तसाच मुलगा जगणार असेल, तर बापाचा अनुभव पुरतो. पनवेलमध्ये तो पुरेनासा झाला. भातखाचरांवर आणि मिठागरांवर जगणाऱ्या माणसांची जमीन १९७० नंतर संपादनात गेली, तिच्यावर शहर उभे राहिले आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला याच पट्ट्यात विमानतळाचे उद्घाटन झाले. आजोबांनी नांगर धरला, बापाने भूखंडाच्या करारावर सही केली आणि नातू विमानतळावरच्या नोकरीसाठी अर्ज भरतो आहे. तीन पिढ्यांत तीन वेगळी आयुष्ये. ओळखीची वाट संपते, तिथेच वाटाड्याची परीक्षा होते.

मागे वळून पाहायचे तर सुरुवात शिरढोणपासून करावी लागेल. गोवा महामार्गावरच्या या गावात ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले आणि त्या शिक्षणाने त्यांना पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी मिळवून दिली. त्या काळात इंग्रजी शिकलेल्या तरुणाने याहून जास्त काही मागितले नसते. पण फडक्यांच्या आयुष्याला दिशा देणारे शिक्षण शाळेबाहेर चालू होते. लहुजी वस्तादांच्या तालमीत ते घडले, न्यायमूर्ती रानड्यांची देशाच्या दारिद्र्यावरची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव फिरून माणसे कशी मरतात ते डोळ्यांनी पाहिले. व्याख्यानात ऐकलेले अर्थशास्त्र आणि समोर दिसणारी उपासमार यांची सांगड त्यांनी स्वतः घातली. पुढचे बंड, १८७९ ची अटक, एडनची कोठडी आणि १७ फेब्रुवारी १८८३ चा मृत्यू आपण शाळेत शिकतो. मात्र याच माणसाने वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात शाळाही उभी केली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ची पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आणि आज त्याच संस्थेची शाळा नवीन पनवेलमध्ये वासुदेव बळवंतांच्या नावाने चालते. शस्त्र हाती घेणाऱ्या माणसालाही शाळा काढावीशी वाटली, ही गोष्ट मला त्यांच्या बंडाइतकीच मोलाची वाटते.

शाळेबाहेरच्या विद्येचे आणखी एक उदाहरण पनवेल शहरातच आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये सुरू केलेले धूतपापेश्वर दीडशे वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. परंपरेने आलेली वैद्यकी त्यांनी कारखान्यापर्यंत नेली. जुने ज्ञान नव्या बाजारात टिकवायचे कसे, हे त्यांना कोणत्याही इंग्रजी शाळेने शिकवले नव्हते.

पण शाळेबाहेरच्या शिक्षणाचे गोडवे गाणे सोपे आहे आणि त्यात शाळेला कमी लेखण्याचा धोका आहे. म्हणून याच जिल्ह्यातली दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहू. पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकला, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. विनोबांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली आणि १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले असता ते वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांचीच, पुढे आयसीएसलाही पहिले. एकाने परीक्षा सोडली, दुसऱ्याने प्रत्येक परीक्षा जिंकली.

यातला खरा शिकलेला कोण, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघेही मरेपर्यंत विद्यार्थी राहिले. विनोबा एकामागून एक भाषा शिकत गेले, कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. संस्कृत न येणाऱ्या आईला गीता कळावी या तिच्याच इच्छेतून त्यांची ‘गीताई’ जन्मली आणि १९३२ मध्ये ती छापून आली. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, कुलाबा मतदारसंघातून १९५२ मध्ये लोकसभेवर गेले आणि या सगळ्या धबडग्यात त्यांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. पण माझ्या दृष्टीने दोघांच्या शिक्षणाची कसोटी लागली ती एकेका निर्णयात. विनोबांनी पदवी नाकारली तेव्हा त्यांच्या हातात दुसरे काही नव्हते. चिंतामणरावांनी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा त्यांच्या हातात सगळे काही होते. स्वतःचे नुकसान दिसत असताना आपल्याला पटलेले करण्याची हिंमत दोघांनी दाखवली. शिक्षणाने माणसाला इथवर आणले, तर ते प्रमाणपत्र जाळून आले की भिंतीवर टांगून, याने काही बिघडत नाही.

ही दोन्ही घरे मात्र अक्षरओळख असलेली होती. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या आगरी, कोळी, कुणबी, महार आणि आदिवासी घरांत प्रश्न निराळा होता. तिथे परीक्षा सोडण्याचा प्रश्न नव्हता, परीक्षेपर्यंत पोहोचायचे कसे हा प्रश्न होता. त्याचे सगळ्यांत ठोस उत्तर पनवेलला साताऱ्याहून मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात गरिबाचा मुलगा शेतात, बांधकामावर काम करून पदवी घेऊ लागला. पनवेल तालुक्यातल्या न्हाव्याचे रामशेठ ठाकूर साताऱ्याच्या याच ‘कमवा आणि शिका’तून शिकले, पुढे खासदार झाले आणि वडिलांच्या नावाने त्यांनी नवीन पनवेलला महाविद्यालय उभे केले. ‘कमवा आणि शिका’ने पैशाची अडचण सोडवली एवढेच आपण सांगतो. तिने त्याहून मोठे काम केले. घाम गाळून शिकणाऱ्या मुलाला आपण कुणाच्या उपकारावर शिकत नाही, हे रोज सकाळी कळत होते. असा मुलगा पुढे साहेबासमोर उभा राहून बोलू शकला.

साहेबासमोर बोलण्याची वेळ लवकरच आली. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. या टप्प्यावर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण शिक्षण माणसाला वाट दाखवते म्हणजे नेमके काय करते, हे इथे कागदावर दाखवता येते.

सातबारा घ्या. गाव नमुना सातवर भोगवटादाराचे नाव असते, त्याच्याशेजारी फेरफाराचे क्रमांक, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीचे कर्ज, कुणाचा हक्क राखलेला असेल तर त्याची नोंद. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. पण मानला जाणे वेगळे आणि रकान्यात नाव लागणे वेगळे. ज्याला तलाठ्याकडे जाऊन “माझे नाव कुठे आहे, दाखवा” असे म्हणता आले, त्याचे नाव लागले. ज्याला वाचता येत नव्हते, तो जमीन कसत राहिला आणि नाव दुसऱ्याचे राहिले. पंधरा-वीस वर्षांनी संपादनाची नोटीस आली ती रकान्यातल्या नावाला. मोबदलाही त्याच नावाला. १९५७ मध्ये न वाचलेल्या एका ओळीची किंमत त्या घराने पुढच्या पिढीत मोजली.

पुढचा कागद मोबदल्याचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक बारीक कलम होते. निवाड्याची रक्कम मान्य नसेल तर ती निषेध नोंदवून घ्यायची. तशी नोंद न करता घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क संपला. शिवाय अर्जाला मुदत होती. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला तर अवघे सहा आठवडे. पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’ एवढे लिहिण्यावर एका कुटुंबाचा पुढचा दावा अवलंबून होता. हे दोन शब्द ज्याला लिहिता आले किंवा ज्याच्या शेजारी ते लिहायला सांगणारे कुणी उभे होते, त्याची वाट उघडी राहिली. अंगठा उठवणाऱ्याची बंद झाली. संसदेने १९८४ च्या दुरुस्तीत कलम २८-अ घालून न्यायालयात न गेलेल्यांनाही पुन्हा मोबदला ठरवून मागण्याची सोय केली, कारण न शिकलेले मागे राहतात हे कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आले होते. पण त्या कलमालाही तीन महिन्यांची मुदत होतीच, आणि मुदत कुठून मोजायची हे वाचणाऱ्यालाच कळत होते.

त्या काळात या गावांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस म्हणजे दि. बा. पाटील. जासईचे, वकील, पनवेलचे नगराध्यक्ष, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि पुढे खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले, हे रायगडात कुणी विसरलेले नाही. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचे तत्त्व पुढे आले आणि शासनाने ते स्वीकारले. दिबांचे मोठेपण लोक लढ्यात पाहतात आणि ते खरेच आहे. पण लाठी खाणारे पुष्कळ होते. मागणी कोणत्या शब्दांत मांडली तर ती सरकारी निर्णयाच्या कागदावर उतरते, हे जाणणारे थोडे होते. एका माणसाचे वकिलीचे शिक्षण ९५ गावांच्या उपयोगी पडले. शिक्षणाची किंमत माणशी पगारात मोजणाऱ्यांनी हा हिशेबही करून पाहावा.

भूखंड मिळाले आणि पुढची परीक्षा सुरू झाली. भूखंड हातात पडायच्या आधीच तो घ्यायला माणसे दारात उभी राहिली. सिडको, भूखंडधारक आणि विकत घेणारा यांच्यातला ‘त्रिपक्षीय करारनामा’ हा शब्द या गावांत पोराटोरांनाही ठाऊक झाला, पण तो करारनामा सलग वाचून सही करणारे किती होते? आलेला पैसा काही घरांनी मुलांच्या शिक्षणात, गाळ्यात, टेम्पोत घातला आणि ती घरे उभी राहिली. काही घरांत तो लग्नांत, गाड्यांत आणि नको त्या सवयींत गेला. त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. पिढ्यान्पिढ्या पैसा भाताच्या कणगीत मोजला गेला होता. एकरकमी आलेले पैसे कुठे ठेवावेत, व्याज कसे चढते, करारातून माघार कशी घेता येते, हे त्यांना कुठल्या शाळेने कधी शिकवले होते?

आणि बहिणी? बापाच्या जमिनीवरचा भूखंड आला की तलाठी कार्यालय आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या रिक्षांमध्ये सासरहून बोलावलेल्या लेकी दिसू लागतात. हक्कसोडपत्र तयार असते. भाऊ म्हणतो, “ताई, इथे सही कर, साधा कागद आहे.” महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने हक्क दिला, केंद्राच्या कायद्याने २००५ मध्ये तो देशभर लागू केला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तरी सही होते. कधी भावाच्या प्रेमापोटी, कधी माहेर तुटेल या भीतीने. बहिणीने हक्क सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो तिचा निर्णय आहे. पण कागद वाचून, त्या जमिनीची आजची किंमत जाणून, “मी हे समजून सोडते आहे” असे म्हणत केलेली सही आणि पदर सावरत घाईघाईने केलेली सही एक नाही. ज्या लेकीला दहावीपर्यंत शाळेत ठेवले तिला निदान कागद वाचायला मागण्याचे बळ मिळते. त्याहून पुढची गोष्ट अशी की बारावी, पदवी झालेल्या मुलीही न वाचता सही करतात. म्हणजे नुसती अक्षरे पुरत नाहीत. प्रश्न विचारायची सवय लागते, आणि ती सवय आपल्या वर्गांत लावली जात नाही, उलट मोडली जाते.

शिकलेला माणूस फसत नाही, हाही गैरसमज पनवेलने मोडला आहे. इथल्या एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये रद्द केला. बँका बुडाल्या की रांगेत निवृत्त शिक्षक असतात, सरकारी नोकर असतात, पदवीधर असतात. विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच आहे, हे पुष्कळांना बँक बुडाल्यावर कळते. चिंतामणरावांच्या जिल्ह्यात बँकेचा ताळेबंद कसा वाचावा, याचा एकही तास दहावीपर्यंत होत नसेल तर त्या साक्षरतेच्या टक्क्याचा अभिमान किती धरायचा?

हाताने काम करत शिकण्याचा प्रयोगही या तालुक्यात झाला. कर्नाळ्याच्या पुढे तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर आहे. ‘छोडो भारत’ची घोषणा ज्यांनी सुचवली त्या मेहेरअलींच्या नावाने १९६१ मध्ये समाजवादी कार्यकर्त्यांनी ही संस्था उभी केली आणि डॉ. जी. जी. पारीख शंभरीपर्यंत तिच्यासाठी झटले. तेलघाणी, साबण, मातीकाम असे उद्योग तिथे चालतात. गांधीजींच्या नई तालीमची ही सावली आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला तिची मांडणी झाली, झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि स्वातंत्र्यानंतर ती हळूहळू मागे पडली. दोष सरकारवर ढकलणे सोपे आहे, पण पालकांनीही ती नाकारली, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. साहेबांची मुले इंग्रजी शिकणार आणि आमच्या मुलांनी चरखा फिरवायचा, हे त्यांना मान्य नव्हते. हाताचे काम सगळ्यांच्या मुलांना दिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे मुलांनी जावे, अशी कल्पना आहे. खारघरच्या महागड्या शाळेने ते दिवस मनापासून पाळले तरच तालुक्यातल्या नेरे गावच्या शाळेतल्या पालकाला ते पटतील.

आता ज्या मुलांचा विचार या चर्चेत सगळ्यांत शेवटी होतो त्यांच्याकडे येऊ. माथेरानच्या पायथ्याला धोदाणी, मालडुंगे या बाजूला ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी समाज केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. महाराष्ट्रातून कोलाम आणि माडिया गोंड हे आणखी दोन. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा जंगलाच्या कायद्यांनी संपवला. आता दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे मूल जून ते दिवाळी वर्गात आणि उरलेले वर्ष भट्टीवर. दुसरीतले मूल तिसरीत जाते, तिसरीतले चौथीत, कारण पटावर नाव आहे. वाचन दुसरीतच अडकलेले असते. त्यात घरातली बोली वेगळी आणि फळ्यावरची मराठी वेगळी.

भट्टीवर मजुरी विटांच्या हजारावर ठरते. किती हजार पाडल्या, उचल किती होती, किराण्याचे किती कापले, याचा हिशेब मालकाच्या वहीत. हंगाम संपताना काही घरांना पैसे मिळतात, काही घरांच्या अंगावर बाकी निघते आणि पुढच्या हंगामाची वाट त्या बाकीने आधीच ठरवलेली असते. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच बंद झाली आहे. कायदा असूनही ती वही कुणी तपासत नाही. या घरातल्या मुलीला आयुष्याची वाट दाखवणारे शिक्षण म्हणजे काय? हजाराचा भाव, गुणाकार, वजाबाकी आणि ‘वही दाखवा’ म्हणायची छाती. चौथीचे गणित पक्के झाले तरी त्या घराचे एक वर्ष सुटू शकते. अभियांत्रिकीच्या पदवीने एखाद्या घराचे जेवढे भले होते, त्याहून हे कमी मानू नये.

यावर उपाय झाले आहेत. वसई-ठाणे पट्ट्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या, साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा झाल्या, गावात मूल थांबावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली, स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळू लागले. आश्रमशाळांनीही पुष्कळ मुलांना धरून ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. पण ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे अहवाल दोन दशके एकच गोष्ट सांगत आहेत, की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली साधारण निम्मी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. शाळेत येणे आणि शिकणे यांत एवढे अंतर पडलेले असताना वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार राज्यात झाला. डोंगरातल्या वाडीतली शाळा सात-आठ किलोमीटरवर गेली तर पहिल्या पावसात मुलींची शाळा सुटेल. वाडीची शाळा पटसंख्येवर तोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

मोठ्यांच्या शिक्षणाकडेही आपण दुर्लक्ष करतो. आगरी-कोळी गावांत रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकींनी दासबोधाचे निरूपण घरोघर नेले, अनेक घरांतली दारू सुटली, प्रौढांचे अक्षरवर्ग झाले. चाळिशीनंतर पाटी हातात घेणाऱ्या बाईला शिकण्याचे कारण नेमके ठाऊक असते. सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम सध्या चालू आहे. त्यात सही शिकवून थांबू नये.

शहराकडे आलो की प्रश्न भाषेचा होतो. पनवेल, कामोठे, खारघरमधले बहुतेक पालक, घरकाम करणाऱ्या बाईपासून डॉक्टरपर्यंत, मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरिबांच्या मुलांना मिळाव्यात यासाठी पालक रात्र जागवून अर्ज भरतात. २०२४ मध्ये राज्याने या नियमाला फाटा देऊ पाहिला तेव्हा त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पालकांची ही धडपड खोटी नाही. विमानतळावर, बंदरात, आयटीत इंग्रजी लागते. पण गावठाणातल्या घरांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आजीला सातबारा वाचता येत नाही कारण ती शाळेत गेली नाही, आणि नातवाला वाचता येत नाही कारण तो इंग्रजी शाळेत गेला. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा उतारा, पोलिसांचा पंचनामा हे सगळे मराठीत असते. बिल्डरचा करारनामा, बँकेच्या कर्जाच्या अटी, विम्याची पॉलिसी बहुतेक वेळा इंग्रजीत असते. पनवेलच्या माणसाला दोन्ही लागतात. एक भाषा पक्की आणि दुसरी अर्धी, अशा मुलाच्या वाट्याचे अर्धे कागद कायम दुसराच कुणीतरी वाचणार. सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, पण तो विषय गुणपत्रिकेपुरता उरकला जातो. मराठीच्या तासाला एक खरा फेरफार उतारा वाचला गेला, तर मुलांना ही भाषा कशाला हवी ते एका तासात कळेल.

हा सगळा पट पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. शिक्षणाने पनवेलच्या माणसाला वाट दाखवली, पण जिथे ते त्याच्या हातातल्या कागदाला, वहीला, मजुरीला आणि मतदानाला भिडले तिथेच. वासुदेव बळवंतांना व्याख्यान दुष्काळाशी जोडता आले, कर्मवीरांच्या पोरांना घाम पुस्तकाशी जोडता आला, दिबांना कायदा शेताशी जोडता आला. हे जोडणे शिकवायला इमारत लागत नाही, शिक्षक लागतो आणि त्याला तेवढा वेळ लागतो. तो वेळ आज सरकारी माहिती भरण्यात, निवडणुकीच्या कामात आणि क्लासच्या वेळापत्रकात जातो.

म्हणून या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, पालक-शिक्षक संघांना आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाला एक विनंती आहे. येत्या वर्षी आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात महिन्यातून एक तास राखून ठेवा. त्या तासाला एक खरा सातबारा, एक हक्कसोडपत्र, एक वेतनचिठ्ठी, एक कर्जाचा करार आणि एका बँकेचा ताळेबंद मुलांसमोर ठेवा, आणि त्यांच्याकडून प्रश्न काढून घ्या. निवृत्त तलाठी, वकील, बँकेतले कर्मचारी पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. बोलावले तर ते येतील. आणि पालकहो, पुढच्या पालकसभेत टक्के विचारून झाले की आणखी एक विचारा: माझ्या मुलीने या वर्षी स्वतः वाचून कोणता कागद समजून घेतला?